मदत हवी आहे: जर्मनीत कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर आणि चिनी औषध

निळी_छत्री

मुक्काम स्टुटगार्ट, पब्लिक इन्शुरन्स, वय ४६. कंबर १४ महिन्यांपासून दुखते. पायात कळ जात नाही, मुंग्या नाहीत. एमआरआयमध्ये एल४-एल५ चकतीला किरकोळ फुगवटा. चालू गोळ्या: रामिप्रिल ५ मिग्रॅ आणि हायड्रोक्लोरथायझाइड १२.५ मिग्रॅ रोज, शिवाय आयबुप्रोफेन ६०० आठवड्यातून चार-पाच दिवस.

घराजवळच्या हाइलप्राक्टिकरने (डॉक्टर नसलेला, परवानाधारक पर्यायी उपचारक) १२ बैठका आणि दिवसातून दोनदा चिनी वनस्पतींची पूड सुचवली आहे. पुडीचं नाव 'दू हुओ जी शंग थांग'.

१. क्रांकनकासं (आरोग्य विमा संस्था) यातलं काय भरते?
२. पूड आणि माझ्या गोळ्या एकत्र चालतील का?
३. पहिल्या बैठकीआधी काय बघावं, काय विचारावं?

कासवचाल

पैशांचा प्रश्न सुई कोणाच्या हातात आहे यावर ठरतो.

पब्लिक इन्शुरन्समध्ये ॲक्युपंक्चर दोनच तक्रारींसाठी मिळतं: कमरेचं जुनाट दुखणं आणि गुडघ्याची झीज. ही सोय २००७ पासून आहे. दुखणं किमान सहा महिन्यांचं लागतं, म्हणजे तुम्ही त्यात बसता. मायग्रेन, मान, खांदा, ॲलर्जी यांत बसत नाहीत, कोणी काहीही सांगो.

हाइलप्राक्टिकर मात्र या सोयीत येतच नाही. सुया टोचणारा काफाउचा (पब्लिक इन्शुरन्सच्या डॉक्टरांची संघटना) परवाना असलेला डॉक्टरच लागतो. आता खरी मेख ऐका. दवाखान्याच्या पाटीवर 'आकुपुंक्टूर' असतं, डॉक्टरकडे त्याची जोडपदवीही असते, तरी परवाना नसू शकतो. परवान्यासाठी जोडपदवीच्या वर वेदनाउपचार आणि मनोकायिक उपचार यांचे प्रत्येकी ८० तासांचे अभ्यासक्रम लागतात आणि ते सगळेच करत नाहीत. मग बिल खाजगी येतं: २० मिनिटांहून लांब बैठकीला दरपत्रकाच्या नेहमीच्या २.३ पटीने ४६.९२ युरो. दहा बैठकांचा हिशोब तुम्हीच करा. म्हणून फोनवर पहिलं वाक्य हे: "माखन झी आकुपुंक्टूर आउफ कासं?" (कासंच्या खर्चाने ॲक्युपंक्चर करता का?) समोरून "यॉ, मिट कार्टं" (हो, विम्याच्या कार्डावर) असं उत्तर आलं तरच अपॉइंटमेंट घ्या. काफाउच्या डॉक्टरशोधात ॲक्युपंक्चरची चाळणी लावता येते, तिथून सुरुवात करा.

मिळतं ते असं: १० बैठकांपर्यंत, त्याही जास्तीत जास्त सहा आठवड्यांत. डॉक्टरने सबळ कारण नोंदवलं तर १५ बैठका, १२ आठवड्यांत. प्रत्येक बैठक निदान ३० मिनिटांची, कमरेसाठी १४ ते २० सुया. एक फेरी संपली की पुढची १२ महिन्यांनंतरच.

सुंठवडा

पुडीकडे वळण्याआधी तुमच्या गोळ्यांची यादी पुन्हा वाचा. रामिप्रिल, हायड्रोक्लोरथायझाइड आणि आयबुप्रोफेन हे त्रिकूट मूत्रपिंडाला जड जातं. पहिली गोळी मूत्रपिंडाच्या गाळणीतला दाब उतरवते, दुसरी अंगातलं पाणी कमी करते, तिसरी गाळणीकडे येणारा रक्तपुरवठा आवळते. आठवड्यातून चार-पाच दिवस हे एकत्र चालू असेल तर या आठवड्यातच हाउसआर्ट्स्टकडून (फॅमिली डॉक्टर) क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम तपासून घ्या आणि वेदनाशामक बदलता येईल का ते विचारा. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नका.

आता पूड. हे कंबर-गुडघ्यासाठीचं जुनं, १५ घटकांचं मिश्रण आहे. आपल्याला त्यातलं बरंच ओळखीचं वाटेल. गान त्साओ म्हणजे ज्येष्ठमध, रोउ ग्वेइ म्हणजे दालचिनीचीच एक जात, आणि न्यू शी ही आपल्या पत्रीतल्या आघाड्याची सख्खी बहीण. ओळखीचं आहे म्हणून निर्धोक, असं मात्र धरू नका. ज्येष्ठमध रोज पोटात गेलं की अंगात मीठ-पाणी धरलं जातं, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. हायड्रोक्लोरथायझाइडही पोटॅशियम उतरवतंच. म्हणजे एका हाताने दाबाची गोळी घ्यायची आणि दुसऱ्या हाताने तो चढवायचा. पोटऱ्यांत वांब येणं, थकवा, छातीत धडधड ही पोटॅशियम घसरल्याची लक्षणं.

दुसरा घटक शी शिन, म्हणजे असारम. ही वनस्पती अरिस्टोलोकियाच्या कुळातली. अरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंडं कायमची निकामी होतात आणि मूत्रमार्गाचा कर्करोग होतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्यांत 'फांग जी' नावाच्या एका मुळाऐवजी त्याच नावाचं दुसरं, अरिस्टोलोकियाचं मूळ गेलं आणि शंभराहून जास्त लोकांची मूत्रपिंडं गेली. चिनी नावं सारखी, वनस्पती वेगळ्या, घोटाळा तिथे. जर्मनीत अरिस्टोलोकिक आम्ल असलेली औषधं १९८१ पासून बंद आहेत. असारमच्या मुळात ते पानांपेक्षा कमी असतं, तरी तुमच्या यादीकडे बघता शी शिन आणि गान त्साओ दोन्ही वगळायला सांगा. दांग ग्वेइही यात आहे. मार्कुमार (रक्त पातळ करणारी गोळी) घेणाऱ्यांनी ही पूड टाळावी, रक्त आणखी पातळ होतं.

माझं मत विचाराल तर मूत्रपिंडाचा रिपोर्ट हातात येईपर्यंत पूड नकोच.

निळी_छत्री

धन्यवाद. उद्याच रक्ततपासणी लावते. पुढे कधी वनस्पती घ्यायच्या झाल्याच तर चीनहून तयार गोळ्या मागवणं स्वस्त पडतं. ते चालेल का?

सुंठवडा

नाही. युरोपीय संघाबाहेरून खाजगी व्यक्तीने टपालाने औषध मागवायला इथे परवानगी नाही, पाकीट कस्टम्समध्ये अडकतं. प्रवासात सोबत आणायची मुभा आहे, तीही स्वतःपुरती, साधारण तीन महिन्यांच्या गरजेइतकी. त्याहून मोठी अडचण अशी की सांधेदुखीच्या अशा तयार गोळ्यांत वेष्टनावर न लिहिलेलं स्टेरॉइड किंवा वेदनाशामक सापडल्याची उदाहरणं आहेत. दोन दिवसांत जादूसारखा गुण आला तर तोच संशयाचा मुद्दा.

घ्यायचंच तर डॉक्टरच्या चिठ्ठीवर, आपोथेकेतून (औषधांचं दुकान). तिथे कच्च्या मालाचं तपासणीपत्रक असतं आणि ते मागता येतं. चिठ्ठीवर प्रत्येक घटकाचं लॅटिन नाव आणि ग्रॅम हवेत. नुसतं 'क्रमांक ७ चं मिश्रण' लिहिलेलं असेल तर परत करा. खर्च तुमचाच, कासं भरत नाही.

बाभूळकाटा

तिसऱ्या प्रश्नाचं राहिलंय.

सुया एकदाच वापरायच्या, निर्जंतुक, तुमच्यासमोर पाकीट फोडून. कमरेला साधारण ०.२५ ते ०.३० मिमी जाडीच्या, ४० मिमी लांबीच्या. टोचताना मुंगी चावल्यासारखं होतं, आत गेल्यावर जडपणा किंवा ठणका जाणवतो. त्याला 'द-ची' म्हणतात आणि तो अपेक्षितच असतो. विजेचा झटका पायात उतरला तर लगेच बोला. मज्जातंतूला लागलंय, सुई मागे घ्यायची. सुया असताना कूस बदलू नका, वाकतात.

उपाशी जाऊ नका. पहिल्या बैठकीत चक्कर येण्याचं नेहमीचं कारण तेच, आणि तुमच्या तर दाबाच्या गोळ्या चालू आहेत. तास-दीड तास आधी हलकं खा, पालथं झोपूनच टोचून घ्या, उठताना दोन मिनिटं काठावर बसा. जिभेवरून निदान करणारे असतील तर त्या सकाळी हळदीचं दूध आणि कॉफी टाळा, नाहीतर पिवळ्या थराचं निदान हळदीचं निघायचं.

कमरेच्या खालच्या भागात धोका कमी असतो. खांद्याच्या वरच्या कडेला किंवा पाठीत बरगड्यांवर कोणी खोल सुई घालत असेल तर थांबवा. तिथे फुप्फुसाचं आवरण जवळ असतं. बैठकीनंतर काही तासांतही धाप लागली किंवा छातीत टोचलं तर ११२ ला (आपत्कालीन क्रमांक) फोन. पेसमेकर असलेल्यांनी विजेचं ॲक्युपंक्चर घेऊ नये. कपिंग म्हणजे आपली तुंबडी, जांभळे डाग आठवडाभर राहतात, त्यात घाबरण्यासारखं नाही. मोक्सा म्हणजे दवण्याच्या जातकुळीतली वाळवलेली पानं पेटवून दिलेला शेक. दमा असेल तर तो धूर नको.

कमरेबरोबर लघवी अडली, बसताना टेकणारा मांड्यांमधला भाग बधिर झाला किंवा पाऊल उचलेना तर सुया वगैरे बाजूला, थेट इमर्जन्सी.

गुणाबद्दल सरळ सांगतो. जर्मनीतच कमरेवर ११६२ रुग्णांची चाचणी झाली, निकाल २००७ मध्ये आला. सहा महिन्यांनी आराम पडलेले: खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के, भलत्याच जागी वरवर टोचून ४४.२ टक्के, नेहमीच्या उपचाराने २७.४ टक्के. म्हणून नेमका बिंदू कोणता यावर फार खल करू नका. सहाव्या बैठकीपर्यंत काहीच फरक नसेल तर डॉक्टरशी बोला. सोबत फिजिओथेरपीचं रेसेप्ट (डॉक्टरची चिठ्ठी) मागून घ्या. ते २८ दिवसांत सुरू करावं लागतं, नाहीतर बाद होतं.

निळी_छत्री

कासंचा डॉक्टर मिळाला, चार आठवड्यांनी पहिली तारीख देताहेत. पण त्यानंतर दोन आठवड्यांनी गणपतीसाठी पुण्याला जाणं ठरलंय, १८ दिवस. मधल्या बैठका पुण्यात घेतल्या तर?

कासवचाल

तारीख पुढे ढकला. सहा आठवड्यांचं घड्याळ पहिल्या बैठकीपासून चालू होतं आणि १८ दिवस गेले की दहातल्या चारेक तरी बुडतील. वर पुन्हा १२ महिने थांबा. पुण्यातल्या बैठका या हिशोबात धरल्या जात नाहीत आणि कासं त्याचे पैसेही देत नाही.

बाभूळकाटा

पुण्यात स्वखर्चाने घेतल्या तर नोंदणी विचारा. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा स्वतंत्र कायदा आहे, २०१५ चा. (अवांतर: सोलापूरच्या डॉ. कोटणिसांसोबत १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पथकातले डॉ. बसू यांनीच ही विद्या पुढे कोलकात्यात आणली.)

परत आल्यावर पहिले तीन-चार दिवस सोडा, विमानात आखडलेली कंबर सैल होऊ द्या. पहिल्या बैठकीआधी डॉक्टर वेदनेची प्रश्नावली भरून घेतील. त्यात रोजचा आकडा शून्य ते दहामध्ये लागतो, तो आजपासूनच वहीत लिहायला लागा. आयबुप्रोफेन घेतलेल्या दिवसांवर खूण करून.