१८७६ चा निकाल पाहा, इलेक्टोरल कॉलेज रद्दच व्हायला हवं

धागाकर्ता:
अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष लोकांच्या थेट मतांनी नाही, तर राज्याराज्यांतून निवडलेल्या प्रतिनिधींच्या, म्हणजे इलेक्टोरल कॉलेजच्या मतांनी ठरतो. म्हणून देशभरात कमी मतं पडलेलाही जिंकू शकतो. याला सगळे २००० आणि २०१६ ची उदाहरणं देतात, पण खरा दाखला १८७६ चा. डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार, न्यूयॉर्कचे गव्हर्नर सॅम्युएल टिल्डन यांना देशातली निम्म्याहून जास्त मतं पडली, रदरफोर्ड हेज यांच्यापेक्षा सुमारे अडीच लाख अधिक. इलेक्टोरल मतं १८४, हवी होती १८५! वादात सापडलेली २० मतं सगळीच्या सगळी हेज यांना गेली. लोकांनी निवडलेला माणूस घरी बसला.

रानजाई:
कुठले लोक? त्या वर्षी दक्षिणेत कृष्णवर्णीय मतदारांना बंदुकीच्या धाकाने मतदानापासून रोखलं. साउथ कॅरोलायनातल्या हॅम्बर्गला जुलैमध्ये पकडलेल्या कृष्णवर्णीयांना गोळ्या घातल्या. हे मतदार बहुतेक हेज यांच्या रिपब्लिकन पक्षाचे. अशा मताधिक्याला तुम्ही जनतेचा कौल म्हणता, याची मला चीड येते. थेट मोजणी असती तर दहशतीने कमावलेलं प्रत्येक मत कामी आलं असतं.

उंबरठा:
मला घोळ वेगळाच दिसतो. वाद सोडवायचा नियमच नव्हता! मतदान होऊन गेल्यावर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १५ जणांचा आयोग बसवला. त्यात न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस येतील, ते कुठल्याच पक्षाचे नाहीत, असा सगळ्यांचा हिशोब होता. ऐनवेळी इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने त्यांना सिनेटवर, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहावर, निवडून दिलं. त्यांच्या जागी जोसेफ ब्रॅडली आले आणि निकाल लागले ८ विरुद्ध ७, पक्ष बघून. इलेक्टोरल मतांच्या मोजणीचा कायदा आला थेट १८८७ मध्ये. नियम आधी पक्के करा, पद्धत कुठलीही ठेवा.

धागाकर्ता:
रानजाई, दहशत झालीच, ती मी नाकारत नाही. पण इलेक्टोरल कॉलेजने त्या मतदारांचं काय भलं केलं? हेज आले आणि दक्षिणेतल्या रिपब्लिकन राज्य सरकारांच्या पाठीशी उभं असलेलं सैन्य त्यांनीच मागे घेतलं. पुढे १९६५ च्या मताधिकार कायद्यापर्यंत तिथल्या बहुतेक कृष्णवर्णीयांचा मताधिकार कागदावरच राहिला.

रानजाई:
म्हणूनच म्हणते, आधी मत टाकता आलं पाहिजे. मोजायची पद्धत त्यानंतरची गोष्ट.

धागाकर्ता:
दोन्ही एकाच लढाईचे भाग आहेत. थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती १९६९ मध्ये प्रतिनिधिगृहात, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, प्रचंड बहुमताने मंजूर झाली होती. १९७० मध्ये सिनेटमध्ये ती अडवून धरणाऱ्यांत साउथ कॅरोलायनाचे स्ट्रॉम थरमंड पुढे होते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांचे कायदे रोखायला उभे राहिले तेच हे गृहस्थ.