'उत्क्रांती'तली क्रांती, आणि 'अविभाज्य जटिलता' हा शब्द

सर, लातूरला बारावीच्या लेकरांना बायो शिकवायलोय. उत्क्रांतीचा धडा आला की विचारतात, क्रांती म्हणजे तर एकदम उलथापालथ, मग उत्क्रांती हळूहळू कशी? त्यात कुणीतरी 'इररिड्युसिबल कॉम्प्लेक्सिटी'चा व्हिडिओ बघून येतंय, आणि एवढी गुंतागुंतीची रचना थोडी थोडी करून झालीच कशी म्हणायलेत. ह्याला 'अविभाज्य जटिलता' म्हणलं तर चालंल का?

—

'क्रांती'चा धातू क्रम्, म्हणजे पाऊल टाकणं. संक्रांतीला सूर्य पण दुसऱ्या राशीत पाऊलच टाकतो की. पण शब्दात पाऊल आहे म्हणून निसर्गात तसंच झालं असं सिद्ध होत नाही, हे लेकरांना आधीच सांगा.

'अविभाज्य' मात्र नको. अविभाज्य म्हणजे ज्याचे भाग पडत नाहीत ते, आणि मायकल बेहे हे अमेरिकन बायोकेमिस्ट 1996 ला म्हणाले ते नेमकं उलटं, भाग भरपूर आहेत पण एक जरी काढला तरी काम बंद. त्यांचं आवडतं उदाहरण बॅक्टेरियाच्या फिरत्या शेपटीचं. मी 'एकही भाग न वगळता येणारी रचना' लिहितो, लांब आहे पण अर्थ सांडत नाही.

आता खरा मुद्दा. आज भाग वगळता येत नाही म्हणून तो पहिल्यापासून तसाच लागत होता, हे कशावरून? स्लॅब भरल्यावर सेंटरिंग काढून टाकतात, नंतर बघणाऱ्याला ते दिसतच नाही. त्या शेपटीच्या बुडाशी असलेली बरीच प्रोटिनं प्लेगच्या जंतूच्या सुईसारख्या यंत्राशी जुळतात, आणि त्या यंत्राला शेपूट नाही, ते आपल्या पेशीत प्रोटिनं टोचायचं काम करतं. ही सुई शेपटीच्या आधीची आहे असं मी म्हणत नाही, बरेच संशोधक ती शेपटीतूनच निघाली असं मानतात, पण थोडक्या भागांवर दुसरं काम चालू शकतं एवढं तर दिसलंच ना.

—

सर, पण अर्धा डोळा काय कामाचा?

—

लई कामाचा. 2022 ला आपल्याकडं सोयाबीनवर शंखी गोगलगायी पडल्या होत्या, आठवतंय? एखादी हातात घेऊन बघा, वरच्या दोन लांब शिंगांच्या टोकाला बारीक काळा ठिपका असतो, तोच डोळा. बोट लावलं की शिंगासकट आत ओढून घेते. त्या डोळ्याला आपल्यासारखं स्वच्छ चित्र दिसत नाही, उजेड-अंधार कळतो, आणि उन्हातून सावलीला जायला तेवढं पुरतं. तिच्याच मृदुकाय संघात लिंपेट या खडकाला चिकटून राहणाऱ्या समुद्री गोगलगायीचा डोळा नुसता खळगा आहे, नॉटिलस या शंखवाल्या समुद्री प्राण्याचा भिंगाशिवाय बारीक भोकाचा आणि माकूळचा (स्क्विड) आपल्यासारखा भिंगाचा. हे सगळे आजचे भाऊबंद आहेत, एकमेकांचे पूर्वज नाहीत, तेवढं वर्गात स्पष्ट सांगा. पण प्रत्येक पायरीवरचा डोळा आज चालू आहे हे त्यातून दिसतं. निल्सन आणि पेल्गर या संशोधकांनी 1994 ला हिशोब मांडला होता, सपाट प्रकाशसंवेदी ठिपक्यापासून भिंगाच्या डोळ्यापर्यंत यायला फार सावध धरलं तरी 4 लाखांपेक्षा कमी पिढ्या पुरतात.

आणि भिंग तरी कशाचं? आपल्या डोळ्याच्या भिंगातलं एक क्रिस्टलिन (भिंगातल्या प्रोटिनांचं नाव) हृदयाच्या स्नायूत पण असतं, तिथं ताण पडल्यावर बाकीच्या प्रोटिनांना गोळा होऊ देत नाही. जुनंच प्रोटिन, नवं काम. ह्याला गूल्ड आणि व्हर्बा या जीवाश्मतज्ज्ञांनी 1982 ला 'एक्झाप्टेशन' म्हणलं. मी मराठीत 'कामपालट' म्हणतो, खांदेपालट म्हणतो तसं. कुणाकडं याहून चांगला शब्द असला तर लिहा.