मदत हवी आहे: बाबा कोलेस्टेरॉलची गोळी घ्यायला तयार नाहीत

बाबा ६२ वर्षांचे, शुगर आहे. परवाच्या लिपिड प्रोफाइलमध्ये एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६. डॉक्टरांनी अ‍ॅटोर्वास्टॅटिन (स्टॅटिन गटातली कोलेस्टेरॉलची गोळी) लिहून दिलंय. बाबांचं एकच पालुपद, "छातीत दुखत नाही, जिना चढताना दम लागत नाही, मग गोळी कशाला?" एलडीएल रक्तवाहिनीच्या अस्तरात वर्षानुवर्षं साचतं, तो थर फुटला की त्यावर गुठळी होऊन अ‍ॅटॅक येतो आणि तोवर कित्येकांना काहीच जाणवत नाही, हे सांगून मी थकले. (शेजारचे काका लसूण खायला सांगतात, त्यांचं मात्र लगेच पटतं!) तुमच्या घरी मधुमेह असताना कुणी स्टॅटिन घेतंय का? पाय दुखणं, शुगर थोडी वाढणं असं काही झालं का? गोळीआधी एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) केली होती का? आणि अशा हट्टी माणसाला कसं तयार केलंत?