अनुभव धागा: युनियन, करार आणि कंपनीची ताकद (नाशिक)

सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नर इथल्या कारखान्यांत आणि जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत करार करणारे, हिशेब बघणारे, माल बनवणारे अशा सगळ्यांना आवाहन. भांडवलशाही बरी की समाजवाद, यावर मतं पुष्कळ मांडून झाली. कागदावर, यंत्रावर आणि काट्यावर ताकद कुणाकडे जाते आणि कशी जाते, ते लिहा. कंपनीचं नाव नको, आकडे हवेत. नोंदीवर टोपणनाव किंवा विषय चालेल.

करारवाला

मागणीपत्राच्या आधी सभासद रजिस्टर. नोंदणीला आस्थापनेतले १० टक्के किंवा १०० कामगार, यांतला कमी आकडा लागतो. ७ च्या खाली मात्र चालत नाही. मान्यता, म्हणजे कंपनीशी बोलण्याचा अधिकृत हक्क, ही वेगळी पायरी. युनियन मान्यता आणि अनुचित प्रथांच्या १९७१ च्या राज्य कायद्यात, ५० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी, अर्जाआधीचे सलग ६ महिने ३० टक्के सभासद दाखवावे लागतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत एकाहून जास्त युनियन असतील तर एकटीने वाटाघाटीला बसायला ५१ टक्के लागतात. तेवढे कुणाकडेच नसले तर किमान २० टक्के असलेल्या युनियनांची मिळून वाटाघाटी परिषद बसते. संहितेने रद्द केलेल्या तीन केंद्रीय कायद्यांत आपला राज्य कायदा नाही, म्हणून दोन्ही आकड्यांची तयारी ठेवा.

मान्यतेचा अर्ज फेटाळला जातो तो वर्गणीच्या पावत्यांवरून. सहा महिन्यांच्या पावत्या एका बैठकीत, एकाच पेनाने फाडलेल्या लगेच ओळखू येतात. दर महिन्याची पावती, तिच्यावर टोकन नंबर आणि सही, बँकेत तेवढाच भरणा. एवढं जुळलं तर उलटतपासणीत समोरच्या वकिलाच्या हाती फारसं काही लागत नाही.

आता वाढीचा आकडा. गेटवर ‘९,००० ची वाढ’ असा फलक लागतो, गुलाल उडतो. तीन वर्षांच्या करारात ही रक्कम बहुतेक वेळा ५०, २५, २५ टक्के अशी तोडलेली असते आणि ती सीटीसीवर, म्हणजे कामगारामागे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चावर असते. पहिल्या वर्षी ४,५००. त्यात मूळ पगारात २,००० घातले तर कंपनीचा पीएफ २४०, ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण ९६, ८.३३ टक्क्यांनी बोनस १६७ हे सगळं त्याच ४,५०० तून जातं. राहिलेले सुमारे १,९९७ भत्त्यांत. कामगाराचा स्वतःचा पीएफ २४० कापल्यावर हातात पडतात ३,७५७ च्या आसपास. फलकावर मात्र ९,०००.

तीन वर्षांची बेरीजही करून बघा. टप्प्याटप्प्याने २,४३,००० होतात, पहिल्या दिवसापासून पूर्ण वाढ दिली असती तर ३,२४,०००. माणशी ८१,००० चा फरक. कंपनीचा हिशेबनीस हा आकडा घेऊनच बसलेला असतो. कमिटीकडेही तो तयार हवा.

करार कुणासमोर झाला हेही बघा. दोन पक्षांनी आपसात केलेला करार सही करणाऱ्यांनाच बांधतो. सरकारी समेट अधिकाऱ्यासमोर झालेला सगळ्यांना बांधतो, नंतर भरती झालेल्या पोरांनासुद्धा. मुदत लिहिली नाही तर ६ महिने धरतात, आणि मुदत संपली तरी दोन महिन्यांची लेखी नोटीस देऊन मोडेपर्यंत तो चालूच राहतो.

महागाई भत्ता

वरच्यात एक भर. भत्ता ‘प्रति अंक ३ रुपये’ असा लिहिला आणि महागाई निर्देशांकाचं पायाभूत वर्ष लिहिलं नाही, तर पुढे फसगत होते. २०१६ च्या मालिकेतला १ अंक म्हणजे २००१ च्या मालिकेतले २.८८ अंक, २००१ वरून १९८२ वर जायला परत ४.६३ ने गुणायचं. जुन्या मालिकेत १२ अंक वाढले तर ३६ रुपये मिळायचे. तीच महागाई नव्या मालिकेत ४.१७ अंक दिसते आणि साडेबारा रुपये हातात येतात. भाव तेच, भत्ता एक तृतीयांश. मालिका, केंद्र (कुठल्या शहराचा निर्देशांक), किती महिन्यांची सरासरी आणि जोड गुणक (वरच्या २.८८ सारखा), ही चार गोष्टींची एक ओळ करारात घाला.

टाइम स्टडी

पगारवाढीच्या बदल्यात उत्पादनवाढ मागितली जाते, तिथे लोक टक्केवारीवर भांडतात आणि मिनिटं सोडून देतात. आठ तासांची पाळी ४८० मिनिटांची. जेवणाचे ३० आणि चहाचे १०-१० वजा केले की ४३०. थकवा आणि वैयक्तिक गरजेचे १० टक्के काढले की ३८७. सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, दीड मिनिट असेल तर नग २५८. कंपनी २० टक्के वाढ मागते म्हणजे ३१० नग, म्हणजे सायकल सव्वा मिनिटावर आणायची.

ते पाव मिनिट कुठून येणार, हा खरा प्रश्न. नग धरून ठेवणारं नवीन फिक्स्चर, हवेचा क्लॅम्प, पार्टची ट्रॉली हाताशी, असल्या बदलातून आलं तर माणूस दमत नाही. हा पद्धतीतला बदल, आणि तो मान्य करायला हरकत नसावी. चहाच्या दहा मिनिटांतून किंवा थकव्याच्या टक्क्यांतून येणार असेल तर ते कामगाराच्या पाठीतून येतं. टूल बदलणं, पहिल्या नगाची तपासणी, क्रेनची वाट, वीज जाणं, ही मिनिटं ३८७ मधून वजा होणार का, ते लिहून घ्या. रिजेक्शन कास्टिंगमधल्या छिद्रामुळे असेल तर तो नग मोजायचा की नाही, तेही. स्टडी, म्हणजे घड्याळ लावून कामाची मोजणी, घेताना कुशल आणि नवखा असे दोघे घ्यावेत, दोन पाळ्यांत घ्यावेत, आणि घड्याळाशेजारी युनियनचा माणूस उभा असावा.

जॉबवर्क, अंबड

मालक म्हटलं की सगळे एका माळेचे मणी, असं समजू नका. मोठ्या कंपनीचं सुटं काम करून देणाऱ्या आठ-दहा माणसांच्या शॉपवर मोठ्या कंपनीची ताकद कामगाराआधी उतरते: दरवर्षी रेट कमी करा, पेमेंट ९० दिवसांनी. पगार मात्र सात तारखेलाच द्यायचा असतो. कायदा या बाबतीत आपल्या बाजूने आहे, पण वापरावा लागतो. लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवस, असेल तरी ४५ च्या पुढे नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीने. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे असे थकलेले पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत ग्राहक कंपनीला तो खर्च वजावटीत धरता येत नाही. म्हणून उद्यम (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) क्रमांक प्रत्येक बिलावर छापा, आणि चलनावर गेटची पोच तारखेसह घ्या. पोच नसली की दिवस कुठून मोजायचे यावरच वाद अडतो. थकलेल्या पैशांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योग सुविधा परिषदेने तुमच्या बाजूने निर्णय दिला, तर आव्हान देण्याआधी समोरच्याला ७५ टक्के रक्कम जमा करावी लागते.

मला बाजारव्यवस्था हवी आहे, कारण दुसरा ग्राहक शोधता येतो. एकाच कंपनीचं ९० टक्के काम घेतलं की ती सोय गेली.

ठेक्याचे कागद

ठेकेदारी कामगारांनी तीन कागद दरमहा बघावेत: पगारपत्रक, यूएएन (पीएफचा कायम क्रमांक) वरचं पीएफ पासबुक, ईएसआयची (कामगार राज्य विमा) नोंद. पगारपत्रकात कपात दिसते आणि पासबुकात भरणा दिसत नाही, हा सगळ्यात जास्त आढळणारा दोष. ईएसआय २१,००० पगारापर्यंत, कामगाराकडून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५. मालकाचा हिस्साही कामगाराच्याच पगारातून कापलेला आढळला तर लगेच लेखी तक्रार करा. ठेकेदाराने पगार बुडवला तर जबाबदारी मूळ मालकावर येते.

कायम करण्याचा दावा अवघड आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ठेका बंद झाला म्हणून आपोआप नोकरी मिळत नाही. ठेका नावापुरताच होता हे सिद्ध करावं लागतं. त्याच वर्षीच्या आणखी निकालांनुसार, कंपनीने मालक-कामगार नातंच नाकारलं तर १९७१ च्या कायद्यातली अनुचित प्रथेची तक्रार आधी टिकत नाही, नातं अगोदर ठरवून घ्यावं लागतं. म्हणून पुरावा रोजच्या रोज जमवा: रजा कोण मंजूर करतं, कामाच्या चिठ्ठीवर कुणाच्या सुपरवायझरची सही आहे, हत्यारं कुणाच्या स्टोअरमधून येतात, ठेकेदार बदलला तरी तोच माणूस त्याच मशीनवर आहे का.

कांदा मार्केट

कारखान्याबाहेरचं बघा. माथाडी कायदा १९६९ चा, अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीचं फळ. हमालाला एक मालक नसतो, म्हणून व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (ठरावीक टक्के आकार) माथाडी मंडळाकडे भरतात, आणि मंडळ पीएफ, बोनस, रजा यांची सोय करतं. लासलगावकडे कांदा गोणीत न येता ट्रॉलीत मोकळा येतो, लिलाव ट्रॉलीवरच होतो, वजन भुईकाट्यावर. मग हाताने तोललंच नाही तर तोलाई कशाची, असं शेतकरी विचारतो. ती त्याच्या हिशेबपट्टीतून कापली जात आली आहे. हमालाचा हक्क खरा आहे आणि शेतकऱ्याचा प्रश्नही खरा आहे. हमाली, तोलाई, वाराई हे मजुरीचे आकार पट्टीवर वेगवेगळ्या ओळींत आणि प्रत्यक्ष झालेल्या कामापुरतेच लिहिले जावेत. एकत्र आकडा आला की दोन गरीब आपसात भांडतात.

सभासद

सहकार, उत्पादक कंपनी आणि साधी कंपनी यांत फरक मताचा आणि नफ्याचा. सहकारी संस्थेत शेअर कितीही असो, मत एक. लाभांश आपल्या कायद्यात १५ टक्क्यांच्या वर नाही. उत्पादक कंपनीतही व्यक्ती सभासदाला एकच मत, आणि उरलेला नफा कुणी किती माल घातला त्या प्रमाणात वाटता येतो. साध्या कंपनीत जितके शेअर तितकी मतं. पण एक मत असूनही वार्षिक सभेत ताळेबंदातली ‘येणे कर्जे’ ही ओळ कुणी वाचत नसेल, तर संचालक मंडळ मालकासारखंच वागतं.

करारवाला

संपाबद्दल विचारणा झाली म्हणून: संहितेनुसार नोटीस दिल्यापासून १४ दिवस थांबायचं आणि ६० दिवसांच्या आत संप करायचा. समेटाची कारवाई चालू असताना आणि ती संपल्यावर ७ दिवस संप नको. निम्मे किंवा जास्त कामगार ठरवून किरकोळ रजेवर गेले तर तोही संपच धरला जातो, तेव्हा ‘आम्ही फक्त रजा टाकली’ हे चालणार नाही. नोटिशीची पोच घ्या, तिच्यावर तारीख घ्या, आणि करार ज्या विषयांवर चालू आहे ते विषय नोटिशीतून वगळा.