वडिलांची डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली, पहिलं अपीलही फेटाळलं. पुढे निकाल नेमका कशावर लागतो?

माणदेशी_लेक:
नमस्कार. वडील इन्फन्ट्रीत हवालदार होते, १९९७ ची भरती, २०२१ ला सर्विस पूर्ण करून पेन्शनवर आले. सुटताना मेडिकल बोर्डाने (फौजेच्या डॉक्टरांच्या मंडळाने) बीपीमुळे अपंगत्व ३० टक्के, आयुष्यभरासाठी असं धरलं, पण खाली लिहिलं की आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीने वाढलेलाही नाही. कारण काय, तर सुरुवात पीस स्टेशनला (शांत भागातल्या छावणीत) झाली. पण त्याच्या आधी ते काश्मीरमध्ये आरआरला (राष्ट्रीय रायफल्स, अतिरेक्यांविरुद्धचं दल) होते, तिथून आले आणि वर्षाच्या आत बीपी निघालं! क्लेम नाकारला, पहिलं अपील केलं तर त्या पत्रातही बोर्डाचीच ओळ. वडिलांना कोणी बोलावलं नाही की परत तपासलं नाही. ते म्हणतात सोड आता पोरी, पण मला सोडायचं नाहीये. हे अपील बघणारे बघतात तरी काय?

सुभेदार_निवृत्त_वाई:
ताई, अजिबात सोडू नका. पहिलं आणि दुसरं, दोन्ही अपिलं कागदावरच चालतात. कमिटीत खात्याचे अधिकारी आणि डॉक्टर असतात, त्यांच्यापुढे मेडिकल बोर्डाची कार्यवाही, सीओचं (कमांडिंग ऑफिसरचं) स्टेटमेंट आणि तुमचा अर्ज एवढंच असतं, माणूस समोर येतच नाही. म्हणून अर्जात फक्त "अन्याय झाला" लिहून भागत नाही, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत फील्डला होते, बीपी पहिल्यांदा कधी नोंदलं, मेडिकल कॅटेगरी (फिटनेसचा दर्जा) कधी डाऊन झाली हे सगळं लिहायला पाहिजे. डॉक्टरांसाठी जे गाइड आहे त्यात बीपीच्या बाबतीत फील्ड, हाय अल्टिट्यूड, काउंटर इन्सर्जन्सी (अतिरेक्यांविरुद्धची) ड्युटी हे बघायचं असतं, बोर्ड मात्र बऱ्याचदा आजार निघाला त्या दिवशीचं स्टेशन बघतं आणि पुढे जातं. आधी आरटीआय टाकून रिलीज मेडिकल बोर्डाची (सुटतानाच्या तपासणीची) पूर्ण कॉपी आणि भरतीच्या वेळच्या मेडिकलची कॉपी मागवा. दुसऱ्या अपिलाला पत्राच्या तारखेपासून सहा महिने असतात, ते चुकवू नका.

वकील_कोथरूड:
वरच्या साहेबांनी बरोबर सांगितलंय, मी ट्रिब्युनलचं सांगतो कारण खरी सुनावणी तिथेच होते. आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल (फौजेतल्या लोकांच्या दाव्यांसाठीचं न्यायमंडळ) २००७ च्या कायद्याने आलं, २००९ पासून चालू आहे, महाराष्ट्राला मुंबई बेंच. एक न्यायिक सदस्य आणि एक फौजेतला निवृत्त वरिष्ठ अधिकारी असे दोघं बसतात. दुसरं अपील करून सहा महिने झाले आणि निर्णयच आला नाही तरी तिथे जाता येतं, त्या पत्राची वाट बघत वर्षं काढू नका.

तिथे पहिला प्रश्न असतो की भरतीच्या वेळी हा आजार नोंदलेला होता का. सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा धरमवीर सिंग निकाल या सगळ्याचा पाया आहे. तो जवान १९८५ ला सिग्नल्समध्ये (फौजेच्या संदेशवहन विभागात) भरती झाला, नंतर फिट्स येऊ लागल्या, २० टक्के धरून घरी पाठवलं आणि पेन्शन नाकारली. कोर्टाने सांगितलं की भरतीच्या वेळी काही नोंद नसेल तर माणूस ठणठणीत होता असं धरायचं, सिद्ध करण्याचं ओझं जवानावर नाही, शंकेचा फायदा त्याला द्यायचा, आणि आजार आधी कळणं शक्य नव्हतं असं बोर्डाला म्हणायचं असेल तर त्याची कारणं लिहायला हवीत. तुमच्या केसमध्ये "पीस स्टेशन" हे दोन शब्द सोडून कारण आहे का, तेवढं कॉपी आली की बघा, सगळी केस तिथे आहे. २०२५ ला दिल्ली हायकोर्टाने ट्रिब्युनलच्या अशाच निकालांविरुद्धच्या सरकारच्या जवळपास ३०० याचिका फेटाळल्या, त्यातही बोर्डाने कारणं द्यायलाच हवीत हाच मुद्दा होता.

आणि वडील २०२१ ला सुटले त्यामुळे जुने नियम लागतात. २१ सप्टेंबर २०२३ नंतर सुटलेल्यांना नवे नियम आहेत, व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्ही एकत्र करून फिरवतात.

फौजी_खटाव:
दुसरी बाजू पण सांगतो नाहीतर लोक समजतात की ट्रिब्युनलला गेलं की मिळालंच. सुप्रीम कोर्टानेच २०१९ ला नरसिंग यादव केसमध्ये मानसिक आजारात बोर्डाचं मत मान्य केलं, असे आजार भरतीच्या तपासणीत कळतीलच असं नाही म्हणून. २०११ ला जुझार सिंगच्या केसमध्ये सुट्टीवर असताना झालेला अपघात नोकरीशी जोडता येत नाही म्हटलं. म्हणजे प्रत्येक केस वेगळी. आमच्या गावात दोघांचं बीपीच, एकाच्या फाइलवर वजन आणि सिगारेटची नोंद होती, त्याला फार झगडावं लागलं. तुमच्या वडिलांच्या कागदात असलं काही आहे का ते आधीच बघून ठेवा, समोरचा वकील तेच काढतो.

माणदेशी_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. वडील सिगारेट-दारू काहीच नाही, वजन मात्र बघावं लागेल. एक अजून, मिळालीच तर २०२१ पासूनची मिळेल का? आणि ३० टक्क्यांची किती होते?

वकील_कोथरूड:
१०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, त्या हिशोबाने खाली येतं. पण ५० टक्क्यांच्या आतलं अपंगत्व ५० धरायचं, त्याला ब्रॉड बँडिंग म्हणतात, आणि २०१४ च्या राम अवतार निकालाने ते पूर्ण सर्विस करून आलेल्यांनाही लागू झालं. समजा पगार ४०,००० होता तर ३० टक्क्यांनी ३,६०० होतात, ५० धरून ६,०००, वर महागाई. अर्जात ब्रॉड बँडिंग वेगळं मागा, न मागितल्यामुळे राहून गेलेल्या केसेस आहेत.

मागची थकबाकी मात्र उशिरा गेलं तर साधारण अर्ज दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते, २००८ च्या तरसेम सिंग निकालामुळे. पेन्शनचा हक्क जात नाही पण मागचे महिने हातचे जातात, म्हणून वडिलांना समजवा.

सुभेदार_निवृत्त_वाई:
दुसऱ्या अपिलाचा अर्ज रजिस्टर पोस्टाने किंवा स्पीड पोस्टानेच पाठवा, पावती जपा, पुढचे सहा महिने त्या तारखेवरून मोजायचेत. अर्ज लिहून द्यायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मागा. आणि आरआरच्या तारखा वडिलांच्या आठवणीवर लिहू नका, डिस्चार्ज बुकातून घ्या.