जखमी गाढवीण आणि तिचं शिंगरू, पावसाआधी कुठे ठेवू? (असल्फा)

डोंगरावरची: मी मुंबईत, असल्फ्याच्या डोंगरावर राहते. टेम्पो खालच्या रस्त्यापर्यंतच येतो. पुढे पायऱ्या आणि बोळ, तिथून रेती-विटा गाढवांच्या पाठीवरूनच वर येतात. माझ्या घराची मागची भिंतही तशीच झाली, म्हणजे त्या ओझ्यात माझाही वाटा आहे.

त्यातली एक गाढवीण आठ दिवस नळापाशी उभी असते. पाठीच्या कण्यावर तळहाताएवढी जखम, गोणपाट घासून कातडं सोलवटलंय, माशा घोंगावतात. सोबत तीन-चार महिन्यांचं शिंगरू. मालक म्हणतो, "ताई, ही आता ओझं घेत नाही. शिंगरू मी ठेवतो, हिला न्यायचं तर न्या." मला दोघांनाही न्यायचंय, पण दहा बाय पंधराच्या खोलीत कुठे ठेवू? पोलिसांत जाऊ का? काल भाकरी पुढे केली, तर हुंगून तोंड फिरवलं तिने.

कुर्लेकर: सरळ तक्रार करा. 1960 चा प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा आहे. जखमी जनावर कामाला जुंपणं गुन्हा, आणि ते वाऱ्यावर सोडून देणं हाही गुन्हाच.

जेजुरीवाला: कायदा खरा आहे, पण ताई, आधी मालकाशी बोला. आमच्या घरी तीन पिढ्या गाढवं होती. वडील पौष पौर्णिमेला जेजुरीच्या बाजारातून आणायचे. त्याचं पोट त्या जनावरांवर आहे. तक्रार झाली की तो रातोरात सगळी घेऊन दुसऱ्या डोंगरावर जाईल, आणि शिंगरूही त्यांच्यासोबत जाईल.

"गाढव मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं" असं आपण सहज बोलून जातो. मी ते डोळ्यांनी पाहिलंय. आई दिवसभरात वीस खेपा करते, पिल्लू रिकाम्या पाठीने तितक्याच खेपा चालतं, आणि मध्ये दूध प्यायला तिला कोणी थांबू देत नाही. म्हणून दोघांची ताटातूट करू नका. तीन-चार महिन्यांचं शिंगरू अजून आईच्या दुधावरच असतं.

1965 च्या नियमांत गाढवाच्या पाठीवर जास्तीत जास्त 50 किलो ओझं सांगितलंय, खेचराला 200. पन्नास म्हणजे सिमेंटची एक गोणी, किंवा साधारण सोळा-सतरा विटा. ओल्या रेतीच्या दोन गोण्या टाकल्या तर हिशेब तुम्हीच करा. मालकाला हे विटांत सांगा, किलोत नको. विटा त्याला रोज मोजायच्याच असतात.

आणि गाढवीण विकत घेऊ नका. त्या पैशांत तो दुसरी आणेल. त्यापेक्षा उरलेल्या गाढवांसाठी पेंढा भरलेल्या जाड गाद्या शिवून द्या. दोन्ही बाजूंना उशीसारखा फुगवटा आणि मध्ये खाच, म्हणजे कण्यावर भार येत नाही. माझी आई अशा गाद्या जुन्या चादरींच्या करायची.

गुरांची डॉक्टर: तिने खाणं सोडलंय, म्हणून वाट पाहू नका. गाढव दुखणं दाखवत नाही, मुकाट उभं राहतं. खाणं तुटलं की अंगातली चरबी रक्तात उतरते आणि त्यातच जनावर जातं. आजच परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला, म्हणजे साकरबाई पेटिटला, फोन करा. धनुर्वाताचं इंजेक्शन मागून घ्या, गाढव-घोड्यांना धनुर्वात लवकर होतो. तोवर उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुवा. जळकं ऑइल अजिबात नको. भाकरी-भातही नको, कोरडा पेंढा द्या.

पावसाचं म्हणाल तर गाढवाच्या केसांवरून पाणी निथळत नाही, ते कातडीपर्यंत मुरतं. डोक्यावर पत्रा आणि पायाखाली कोरडी जमीन हवीच, नाहीतर खूर कुजतात. नव्या जागी इतर घोडे-गाढवं असतील, तर हलवण्याआधी ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घ्या. हा रोग माणसालाही लागतो.

डोंगरावरची: सगळ्यांचे आभार. मालकाशी नळावरच बोलले. आधी चिडला, मग म्हणाला, "माझ्या बापाचीही पाठ अशीच गेली, ताई." शिंगरू द्यायला तयार झाला. साध्या कागदावर लिहून सही घेतली आणि सहा गाद्यांचं कापड मी आणलंय.

दुपारी टेम्पोत शिंगरू काही केल्या चढेना. मालकानेच सांगितलं, आधी आईला चढवा. ती फळीवरून वर गेली आणि पिल्लू आपोआप मागोमाग. परळला जखम साफ केली, इंजेक्शन दिलं, रक्त घेतलंय. रिपोर्ट येईपर्यंत खाली भंगारवाल्याच्या रिकाम्या शेडमध्ये ठेवलंय. पुढे बदलापूरला मामाचा गोठा आहे, तिथे आता गुरं नाहीत.

रात्री नऊला जाऊन पाहिलं. पेंढ्याची मूठ धरली, तेव्हा आधी शिंगराने ओढली. मग तिने मान खाली घालून माझ्या हातातून तीन-चार काड्या घेतल्या आणि बराच वेळ चावत राहिली.

जेजुरीवाले दादा, मधली खाच किती बोटं ठेवायची?

जेजुरीवाला: चार बोटं. शिलाई दुहेरी घाला.