वन बीएचकेत पाळायला सगळ्यात कठीण प्राणी कुठला?

दादरचा_दादा
मुलगी पाचवीत आहे, वर्षभर "बाबा काहीतरी पाळूया" चालू आहे. आम्ही दोघं नोकरीवाले, सकाळी आठची लोकल, परत यायला साडेसात. वन बीएचके, चौथा मजला. माझं मत स्पष्ट आहे, कुत्रा सगळ्यात कठीण, मग मांजर, मग ससा, आणि सगळ्यात सोपं म्हणजे मासे नाहीतर ते छोटं हिरवं कासव, क्रॉफर्ड मार्केटला दिसतं ते. प्राणी जेवढा लहान तेवढा ताप कमी, साधं गणित. पटत नसेल तर बोला.

सातवा_मजला
गणित उलटं आहे दादा. ते "छोटं हिरवं कासव" माझ्याकडे १४ वर्षं आहे. आणलं तेव्हा नाण्याएवढं होतं, दुकानदार बोलला एवढंच राहतं, बाऊलमध्ये ठेवा नि दाणे टाका. आज जेवणाच्या ताटाएवढं झालंय. रेड इअर्ड स्लायडर म्हणतात, मूळ अमेरिकेचं. त्याला पोहायला मोठी टाकी, वर चढून अंग सुकवायला कोरडी जागा, आणि ऊन लागतं, आमच्याकडे समोर टॉवर झाल्यापासून ऊन नाही म्हणून यूव्हीबी दिवा लावलाय, नाहीतर कवच मऊ पडतं. ३० वर्षं सहज जगतं हे. तुमची मुलगी शिकून नोकरीला लागेल, कासव तुमच्याकडेच.

दादरचा_दादा
बरं मग गोल्डफिश. त्यात काय आहे, बाऊल आणि चिमूटभर खाणं.

फिल्टर_चालू_ठेवा
बाऊल म्हणजे माशाला संडासात कोंडून ठेवणं, सॉरी पण हेच खरं. माशाच्या घाणीतून अमोनिया होतो, तो खाणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये तयार व्हायला महिना सव्वा महिना जातो, आणि आपण काय करतो तर पहिल्याच आठवड्यात पाणी गढूळ दिसलं की सगळं ओतून नळाचं क्लोरीनवालं पाणी भरतो. मासा मेला की "नशीब". नीट ठेवला तर गोल्डफिश १० वर्षांच्या वर जगतो, आपल्याकडे दहा दिवस.

शेरूची_ताई
कायपण चाललंय 😂 एकदा टाकी बसली की आठवड्याला अर्धा तास, त्याची कुत्र्याशी बरोबरी?? जुलैमध्ये सकाळी सहाला गुडघाभर पाण्यात याला खाली घेऊन जा, वर आणून चारही पाय पुस, गोचीड बघ, ओल्या कुत्र्याचा वास पडद्याला, मग ऑफिस. पावसाळ्यात लेप्टोच्या तापाची भीती म्हणून रेबीजसोबत ती पण लस दरवर्षी. गणपतीला गावी जायचं तर आधी याची सोय. लिफ्टवरून सेक्रेटरीशी भांडण वेगळं. मासे चार दिवस उपाशी राहतात, शेरू चार तासांत सोफा खातो. कुत्राच कठीण, विषय संपला.

सातवा_मजला
ताई मेहनत जास्त, मान्य. पण शेरूला बरं नसेल तर तुम्हाला कळतं ना? तोंड पाडून बसतो, जेवत नाही, तुम्ही उचलून परळला बैलघोडा हॉस्पिटलात नेता. माझ्या कासवाचे डोळे सुजले होते ते मला आठवडाभर कळलंच नाही, आणि कळल्यावर कासव बघणारा डॉक्टर शोधण्यात अजून चार दिवस. दोन फोनवर तर हसले.

गाजर_नको
+१. ससा तर दुखतंय हे मुद्दाम लपवतो. आमचा एका संध्याकाळी नुसता कोपऱ्यात बसून होता, मी बोलले झोपलाय. सकाळपर्यंत गेला. नंतर कळलं की सशाने दिवसभर खाल्लं नाही तर आतडं बंद पडतं, थांबायचंच नसतं. आणि सगळे गाजर गाजर करतात, त्याला खरं लागतं गवत, सारखं, दात आयुष्यभर वाढतात म्हणून. आता दुसरी आहे तिच्यासाठी देवळाबाहेर गाय घेऊन बसतात त्या मावशींकडून रोज पेंढी आणते, मावशींना वाटतं मी फार धार्मिक आहे. वर एप्रिल-मेमध्ये एसी तिच्यासाठी, आमच्यासाठी नाही.

शेरूची_ताई
अरेरे, वाईट वाटलं. हे माहीत नव्हतं. तरी मी कुत्रा दोन नंबरला टाकणार नाही 😛

मांदेली_स्पेशल
दोन नोकरीवाले असाल तर मांजर आणा, संपलं. वाळूचा ट्रे दिवसातून दोनदा साफ, वेळेत नसबंदी, आणि सगळ्या खिडक्यांना कबुतरांची जाळी, ही अट आहे हां, मांजर पडत नाही वगैरे कोणी सांगितलं तर ऐकू नका, कबुतर दिसलं की ते मजला मोजत नाही. आणि कोणी पोपट सुचवेल त्याआधीच सांगते, आपला हिरवा राघू पिंजऱ्यात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

दादरचा_दादा
मांजर बाद, बायकोला केसांची अॅलर्जी, त्यामुळे ससा पण गेला आणि शेरू पण. म्हणजे फिरून पाण्यातच आलो ना.

सातवा_मजला
मग नवीन कशाला घेताय. आमचं घेऊन जा, मी पुढच्या महिन्यात पुण्याला शिफ्ट होतोय. टाकी, दिवा, फिल्टर सगळं फ्री. तलावात सोडा असं तिघांनी सांगितलं, पण सोडलं तर ते आपल्याकडच्या कासवांच्या जागेवर आणि खाण्यावर बसतं, म्हणून अडलोय.

दादरचा_दादा
टाकी केवढी आहे?

सातवा_मजला
चार फूट.

दादरचा_दादा
दिवाणाशेजारी बसेल बहुतेक. बायकोला विचारतो. मुलीला अजून सांगत नाही.